गाश्पारचा घोट

साओ जोर्ज बेट, ११ जानेवारी

ओलिंदाबाई,

तुमच्या वकिलाचं पत्र पोचलं. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागदावर लिहिते. अहोजाहो करते आहे, कारण तुम्हाला अगंतुगं करावं एवढी ओळख तुम्ही होऊच दिली नाहीत. तुमची आई जाऊन वर्ष व्हायच्या आत मी या घरात आले, ते तुम्हाला खुपलं. त्या उन्हाळ्यात तुम्ही कॅनडाहून आलात, फाटकातूनच बापाला दोन शब्द सुनावलेत आणि तशाच परत फिरलात. मी तेव्हा माफी मागितली नव्हती. आजही मागणार नाही.

वकील लिहितो, "सदर महिलेने निष्काळजीपणे रुग्णाच्या जिवास धोका निर्माण केला." सदर महिला म्हणजे मी. माझं नाव नातेर्सिया आहे, ते त्याला सांगा. पुढच्या पत्रात घालू दे.

आता तुमच्या चुलतबहिणीनं तिकडे काय कळवलं असेल ते असेल, घडलं ते असं. ऑक्टोबरात तुमचा बाप, गाश्पार, गोठ्यात पडला. मेंदूत रक्ताची गाठ. डावा हात, डावा पाय, अर्धं तोंड आणि घसा, सगळं एका दणक्यात गेलं. मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात नाकातून पोटात नळी घातली, आणि मग म्हणाले, आता पोटाला भोक पाडून तिथूनच कायमचं अन्न देऊ. गाश्पारला बोलता येत नव्हतं. त्यानं उजव्या हातानं डॉक्टरचा पेन घेतला, मुठीत दाबून धरला आणि सोडेचना. सही करायची नाही, हा त्याचा अर्थ मला कळला, डॉक्टरला कळला, तुम्हालाही कळला असता. तुम्ही तिथे नव्हता.

म्हणून नाकातल्या नळीसकट त्याला घरी आणला. आरोग्य केंद्रातला नर्स ग्वाल्टेर येऊन नळी बदलतो. दूध, सूप, औषध, सगळं मी त्या नळीतून घालते. माझे हात स्वच्छ असतात. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात आयुष्य गेलंय माझं. स्वच्छता मला शिकवू नका.

आता नाताळचं. दुसऱ्या दिवशी ओनोरातु दारात उभा राहून ओरडला, "काय, बाळ येशूनं शू केली का?" कॅनडात कुणी असं विचारत नसेल, पण इथे विचारलं की घरातली गोड दारू ओतावीच लागते, हे तुम्ही विसरला नसाल. मी ओतली. ओनोरातुनं अर्धी प्यायली आणि उरलेली आपल्या जन्माच्या दोस्ताच्या, गाश्पारच्या, ओठांना लावली. मी समोर होते. मी अडवलं नाही. ऑक्टोबरपासून तो पहिल्यांदा हसत होता. ठसकासुद्धा लागला नाही, म्हणून आम्हाला वाटलं, उतरली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, आणि फुप्फुसात पू झाल्याचं कळलं.

हे झालं. त्यातून तो उठला. वकिलाला सांगा, त्याच्या पत्रात लिहिलंय तसं गाश्पारला मोठ्या बेटावरच्या वृद्धाश्रमात न्यायला कुणी आलं तर फाटक मी उघडणार नाही.

नातेर्सिया


साओ जोर्ज, ९ फेब्रुवारी

ओलिंदाबाई,

तुमच्या तीन ओळी मिळाल्या. "माझ्या बापाच्या जिवाशी तुम्ही एका पडद्यावर खेळ मांडला आहे." चुलतबहीण भलतीच कामाची आहे तुमची. घरात टॅब्लेट आला तो तिनं कळवला, तो कशाला आला ते मात्र विचारलं नाही.

तर ऐका. आमच्या बेटावर गिळायला शिकवणारं कुणी नाही. मोठ्या बेटावर आहे, पण जानेवारीत बोट एक दिवस निघते आणि चार दिवस नांगर टाकून बसते. विमान वाऱ्याच्या मर्जीनं. म्हणून तिथली लिडिया नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा पडद्यावर येते. बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार हेच तिचं शिक्षण. ओनोरातु तिला 'गिळण्याची मास्तरीण' म्हणतो.

पहिल्या दिवशी ग्वाल्टेर सोबत बसला होता. लिडिया म्हणाली, "सिन्योर गाश्पार, मला तुमचं तोंड नको, मान दाखवा. बाजूनं. आणि दोना नातेर्सिया, यांची दाढी करा बघू, मला कंठमणी दिसत नाहीये."

मी दाढी केली. मग तिनं कंठमण्यावर पेनानं काळा ठिपका काढायला लावला. गिळलं की तो ठिपका वर उडी मारतो. पडद्यावरून तिला तेवढंच दिसतं, आणि त्यावरून ती ओळखते. तुमच्या बापाचा ठिपका त्या दिवशी जेमतेम हलला. आळशी म्हशीनं कान हलवावा तसा.

"आता जीभ बाहेर काढा," ती म्हणाली.

गाश्पारनं काढली. शिकवणीसाठी नव्हे हं, वेडावून दाखवायला. एवढा मोठा माणूस, त्या पोरीला जीभ दाखवतो!

ती म्हणाली, "वा! हाच आपला पहिला व्यायाम. आता तशीच दातांत धरा आणि गिळा."

त्याचा चेहरा बघायला हवा होता. तेव्हापासून तो तिचं ऐकतो. म्हणजे शिव्या घालतो, पण ऐकतो. शब्द फुटत नाहीत, पण शिव्यांचा सूर ओळखू येतो. आडवं झोपवून नुसतं डोकं उचलायचं आणि पायाचे अंगठे बघायचे. मोठ्यानं 'ई' म्हणत आवाज चढवत न्यायचा. घशात लिंबू अडकलंय अशा जोरानं गिळायचं. खायला काहीच नसताना, नुसती थुंकी. आणि दात! प्रत्येक वेळेला आधी दात आणि जीभ घासायची. मी म्हटलं, "अगं, तो काही खातच नाही, तर घासू कशाला?" तर म्हणाली, "तोंडातली घाण थुंकीबरोबर फुप्फुसात जाते, दोना नातेर्सिया. नाताळात नुसती दारू गेली नाही खाली."

हे ऐकून मी ब्रश उचलला. मी ऐकते कधीकधी, कळवा बहिणीला.

एक मला राग आणणारी गोष्टही सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी फक्त माझ्या बाजूचं लिहिते. मी लिडियाला म्हटलं, "ही मेली नळी काढून फेकू या." ती म्हणाली, "नळी आपली वैरी नाही. तिच्यामुळे पोट भरतंय, म्हणून आपल्याला शिकायला सवड मिळतेय. आणि मला पडद्यावरून आतलं दिसत नाही. मार्चमध्ये इथे आणा, क्ष-किरणाखाली गिळताना बघू. तोवर मी परवानगी दिली त्यापेक्षा एक चमचाही जास्त द्यायचा नाही. दिलात, तर मी थांबवेन."

तिनं मला असं दरडावलं, आणि ती तुमच्यापेक्षा लहान आहे.

आता ती त्याला चमच्याच्या टोकावर घट्ट केलेलं पाणी देऊ देते. त्यात भुकटी घालून ढवळायचं, मधासारखं होईपर्यंत. गाश्पार ते तोंडात घेतो आणि माझ्याकडे असं बघतो, की जणू मी त्याला भिंतीला लावायची खळ चारली.

परवा तो एक शब्द बोलला. स्पष्ट. कुठला ते सोडा.

मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या सकाळी दहाला शिकवणी असते. तुमच्याकडे तेव्हा उजाडलेलंही नसेल. लिडिया विचारत होती, घरातलं आणखी कुणी बघायला येईल का. मी म्हटलं, एक मुलगी आहे, पण ती वकिलामार्फत बोलते. जोडणीचा पत्ता तिनं लिहून दिलाय, तो मागच्या बाजूला उतरवला आहे. खेळच आहे म्हणता ना, मग या बघायला.

नातेर्सिया


साओ जोर्ज, २ मार्च

ओलिंदाबाई,

तुम्ही आलात. येणार नाही असं मी ओनोरातुशी पैजेवर बोलले होते. हरले.

शुक्रवारी जे झालं त्याबद्दल तुम्ही वकिलाला लिहिण्याआधी मी लिहिते. टॅब्लेट मी बंद केला. वारा नाही, वीज नाही. मी. तुमच्या तोंडावर.

तुम्ही पडद्याच्या कोपऱ्यात उगवलात, केस पिकलेले. मला ठाऊक नव्हतं तुमचे केस पिकलेत. गाश्पारनं डोळे बारीक केले, पुढे झुकला, आणि त्याला हुंदका आला. तोंडात घट्ट पाण्याचा अर्धा चमचा होता. ठसका लागला, चेहरा जांभळा पडला. आणि तुम्ही किंचाळलात, "बघा! मारते आहे ती त्यांना! कुणीतरी थांबवा हिला!"

लिडिया काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंच नाही, तुमच्याच आवाजात बुडालं ते. ती त्याला म्हणत होती, "खोका, सिन्योर गाश्पार, आणखी खोका, छान." आणि तुम्हाला म्हणत होती, "ओलिंदा, ऐका. खोकला येतोय ही चांगली बातमी आहे. पहारेकरी जागा झालाय. नाताळात तो झोपला होता, म्हणून दारू गुपचूप आत शिरली."

एवढं तुम्ही ऐकलं असतंत तर! पण तुम्ही ओरडत राहिलात, तो तुमच्याकडे बघून रडत राहिला, खोकत राहिला, आणि मी पडदा खाली आपटला. तुमच्याबरोबर लिडियाही गेली. मग तिनं ग्वाल्टेरच्या फोनवरून मला असं झापलं, की मी उभ्या उभ्या ॲप्रन चुरगाळत राहिले.

"तुम्हाला राग आला हे मला समजतं," ती म्हणाली. "पण रुग्ण खोकत असताना माझे डोळे बंद करायचे नाहीत. पुन्हा कधी नाही."

तिचं बरोबर होतं. तुम्हाला बंद केलं त्याचं मला काही वाटत नाही. तिला बंद केलं त्याचं वाटतं.

पण खरा तमाशा नंतर झाला. मला वाटलं, गाश्पार तुमच्यावर चिडला असेल. तो माझ्यावर चिडला. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मंगळवारी लिडिया आली, तरी तो वळला नाही. 'ई' नाही, जीभ नाही, काही नाही. मी विनवलं, धमकावलं. त्याच्या आवडत्या गाईला विकून टाकीन म्हणाले. ढिम्म. आठवडाभर एकही घोट नाही. आणि लिडिया म्हणाली की या वयात आठवडा सुटला तर स्नायू महिन्याची कमाई परत घेतात.

म्हणून आता लिहिते, मागच्या वेळी नको म्हटलेलं. तो जो एक शब्द बोलला ना, तो 'ओलिंदा' होता.

मी त्याचं ढुंगण धुते. मी त्याच्या नळीत सूप घालते. माझ्या नावात अक्षरं जास्त आहेत, जड जातं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुझ्याही नावात काही कमी नाहीत.

तर हे पत्र मिळालं की येत्या शुक्रवारी ये. ओरडायचं नाही. रडू आलं तर पडद्यातून बाजूला व्हायचं, मीही तेच करते. त्याच्या तोंडात घास असेल तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही, हा लिडियाचा नियम आहे आणि तो मलाही लागू आहे. मी पडद्याला हात लावणार नाही. पण वृद्धाश्रमाचं नाव काढलंस, तर मग तो पडदा आणि माझा हात.

नातेर्सिया


साओ जोर्ज, २६ मार्च

ओलिंदा,

क्ष-किरणाचं तुला लिडियानं सांगितलं असेलच, पण ती नेमकं सांगते, मी नीट सांगते.

बोटीत तो सगळा वेळ डेकवर बसला. आत चल म्हटलं तर उजवा हात उगारला. हॉस्पिटलात गेल्यावर लिडिया समोर आली. पडद्याबाहेर ती एवढीशी आहे, माझ्या खांद्याला लागते. गाश्पारनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "एवढीच?" हो, म्हणाला. तुझ्या त्या चार शिकवण्यांनंतर शब्द येतात आता, जाडेभरडे. तू येतेस म्हणून तो 'ई' इतक्या जोरात म्हणतो, की गोठ्यातून उत्तर येतं.

त्याला खुर्चीत बसवून चुन्यासारखं पांढरं औषध घातलेले घास दिले. मला काचेमागे उभं राहू दिलं. ओलिंदा, मी तुझ्या बापाचा घसा आतून पाहिला. पडद्यावर घास काळा दिसतो. काळी सावली खाली उतरते, दोन वाटा, एक पोटाची, एक श्वासाची. घट्ट घास नीट गेला. कुस्करलेला कंद नीट गेला. मग पातळ पाणी दिलं, आणि त्याची एक बारीक काळी रेघ भलत्याच वाटेला लागली. माझ्याशेजारचा मोठा डॉक्टर लगेच म्हणाला, "बघा. मी ऑक्टोबरातच म्हटलं होतं. पोटातली नळी घाला, सुटा."

लिडिया म्हणाली, "डॉक्टर, अजून एकदा. सिन्योर गाश्पार, मान डावीकडे वळवा. पूर्ण. हनुवटी खाली. आता गिळा."

डावी बाजू लुळी आहे त्याची. मान तिकडे वळवली की ती लुळी वाट मिटते आणि घास चांगल्या बाजूनं जातो. पाणी सरळ खाली गेलं. तिनं पुन्हा करवलं. पुन्हा गेलं. मी काचेवर कपाळ टेकवलं होतं, त्याचा डाग अजून तिथे असेल.

तरी डॉक्टरचं समाधान होईना. म्हणाला, "घरी ही काळजी कोण घेणार? प्रत्येक घासाला? मुलीचा तर वृद्धाश्रमासाठी अर्ज आहे."

तिथे मी तोंड उघडणार होते. पण गाश्पारच बोलला. तोंडाचा उजवा कोपरा वर जातो त्याचा बोलताना.

"गिळणार मी," तो म्हणाला. "मरायचं तरी मीच. तू कोण?"

डॉक्टर म्हणाला, "सिन्योर, धोका आहे. पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो."

"गाई... लाथ मारतात. पाळतोच ना?"

यावर लिडियाला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली, आणि त्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. काय होऊ शकतं, काय टाळता येईल, काय कधीच परत येणार नाही. सुका पाव नाही. मक्याची भाकर नाही. कोरडा भात नाही. पाव बुडवलेलं रश्शाचं सूप तर नाहीच, कारण त्यात पातळ आणि घट्ट एकत्र येतं आणि घशाला कळत नाही कुणाला आधी वाट द्यायची. घास लहान, मान डावीकडे, बसून, हळू. वजन उतरलं किंवा ताप आला, तर नळीचा विचार पुन्हा करायचा. "कबूल?"

पावाशिवाय जगायचं म्हणजे त्याच्यासाठी काय, ते मला ठाऊक आहे, तुलाही.

"कबूल," तो म्हणाला.

नाकातली नळी त्याच दिवशी नाही काढली. आणखी काही दिवस राहू दिली, तोंडानं पुरेसं जातंय का बघायला. काल ग्वाल्टेरनं काढली. गाश्पार नाक चोळत बसला होता, तपकिरीची चिमूट ओढल्यासारखा. मी आरशासमोर नेलं. त्यानं स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हातारा."

"मग? मी काय पोराबरोबर राहत होते?" मी म्हटलं.

नातेर्सिया


साओ जोर्ज, ७ मे

ओलिंदा,

वकिलानं अर्ज मागे घेतल्याचं पत्र दोन ओळींचं आहे. त्यात 'सदर महिला' कुठेच नाही. मी शोधलं.

तू शनिवारच्या विमानानं येतेस, हे तू मला नाही, लिडियाला सांगितलंस, तिनं त्याला सांगितलं, त्यानं मला. असो, बातमी पोचली. त्या दिवशी त्यानं 'ओलिंदा येतेय' हे तीनतीनदा मला ऐकवलं, जणू मी बहिरी आहे.

येण्याआधी काही गोष्टी. मी स्वयंपाकघर सोडून कुठे जाणार नाही. तुझ्या आईचा फोटो होता तिथेच आहे, मीच पुसते. तू वरच्या खोलीत झोपशील, खिडकी आतून ओढावी लागते. मी तुझी आई नाही, मला तसं काही म्हणू नकोस. नावानं हाक मार.

तुला वाटत असेल तो पूर्वीसारखा झालाय. नाही झाला. एका वाटीला घड्याळाचा मोठा काटा अर्धं वर्तुळ फिरतो. ओनोरातु आला की लोणी लावलेल्या पावाचा वास घेऊन येतो आणि गाश्पार त्याच्या हातांकडे बघत बसतो. मागच्या आठवड्यात एकदा त्यानं वाटी भिंतीवर भिरकावली. दुसऱ्या दिवशी थोडी कणकण आली, आम्ही सगळे घाबरलो, ग्वाल्टेरनं छाती तपासली, स्वच्छ निघाली. असं पुन्हा होईल. एक दिवस स्वच्छ निघणारही नाही. हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आता तुलाही. तोवर तो कुस्करलेला कंद खातो, वर लोण्याचा गोळा, मिरपूड. अंड्यादुधाचं पुडिंग खातो. काटे काढून दाट रश्शात कुस्करलेला मासा खातो, आणि कमी मीठ पडलं तर मला शिवी देतो, अख्खी, सगळ्या अक्षरांनिशी.

आणि जेवायला बसण्याचं. प्रत्येक घासाला त्याची मान डावीकडे वळते. उजवीकडे बसणाऱ्याला त्याचं नुसतं मागचं डोकं दिसतं. डावीकडे बसलेलं माणूस त्याला घासाघासाला समोर दिसतं, आणि गिळून झालं की तो त्या माणसाकडे बघतो, गेला बरं का, असं. ती डावीकडची खुर्ची माझी आहे. ती मी मिळवली आहे. तुला ती मिळणार नाही.

मी आज वरून दुसरी आणून तिला चिकटून ठेवली. जरा दाटीवाटी होईल. कोपर सांभाळ.

नातेर्सिया